शुक्रवारची पिशवी

दुसऱ्या मजल्यावरच्या, पैसे टाकून खाऊ काढायच्या मशीनची सगळ्यात खालची ओळ भरायची तर गुडघे टेकून बसावं लागायचं, आणि आचाऱ्याचे गुडघे अलीकडे त्याचं ऐकेनासे झाले होते. हॉस्पिटलच्या त्या लांब बोळकांडीत सकाळचं फिनेल अजून ओलं होतं. मशीनचं काचेचं दार सताड उघडून त्याने खोकं फोडलं आणि क्रीमच्या केकची पाकिटं एकेक करून स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसवायला सुरुवात केली. चित्राची बाजू पुढे, तारखेची मागे. या कामाला डोकं लागत नाही. हात करत राहतात आणि डोकं मोकाट सुटतं, म्हणूनच ते त्याला आवडत नसे. ओळ अर्ध्यावर आली असेल नसेल, तोच उघड्या दाराच्या काचेत त्याला त्याची धाकटी बहीण दिसली. बोळकांडीच्या त्या टोकाकडून ती चालत येत होती, उजवा खांदा जरा पाडून, लहानपणापासून चालते तशी. हातात एक पारदर्शक पिशवी होती आणि पिशवीत पुरुषाची चप्पल. एकच. डाव्या पायाची.

अशा वेळी माणूस हाक मारतो. ‘काय गं, इकडे कुठे?’ एवढं म्हणायला काही लागत नाही. आचाऱ्याने मान खाली घातली. नुसती खाली नाही, सरळ मशीनच्या पोटात घातली, जणू आतला एखादा स्क्रू ढिला झालाय आणि तो आत्ताच्या आत्ता बघायला हवा. आतला गारवा तोंडावर आला आणि त्याबरोबर साखरेचा नि प्लॅस्टिकचा तो एकजीव झालेला वास, जो त्याच्या कपड्यांना, गाडीला, उशीलासुद्धा लागलेला होता. पाठीमागून चपलांचा आवाज जवळ आला, पाठीला जवळजवळ घासून गेला आणि पुढे वळणावर संपला. त्याने श्वास सोडला तेव्हा समोरच्या पत्र्यावर वाफ धरली. आपण का लपलो ते त्याला कळेना. अजून काही झालंय हेसुद्धा माहीत नव्हतं. चप्पल कुणाची, ती कुणाकडे आली, काही नाही. पण अंगाला कळलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं भर सकाळीही पडतं.

मनात आला तो वेल्डरच. बहिणीचा नवरा, आणि त्याच्याही आधीपासूनचा दोस्त. टाक्यांच्या कारखान्यात एकाचा जन्म चुलीपुढे गेला, दुसऱ्याचा ठिणग्यांपुढे, दोघांच्याही हातांवर केस म्हणून कधी टिकले नाहीत. जेवणाच्या सुटीत वेल्डर मुद्दाम रांगेत शेवटी उभा राहायचा, म्हणजे पातेल्याच्या तळातलं दाट वाट्याला येतं. आणि भरल्या कँटीनमध्ये ओरडायचा, ‘आचारी, तुझ्या डाळीत आज एक डाळ सापडली रे! तक्रार करू का?’ सगळे टेबलं वाजवून हसायचे. एकदा बहीण घराची किल्ली द्यायला कँटीनच्या खिडकीशी आली होती, त्या दिवशी हा पठ्ठ्या पहिल्यांदा रांगेत पहिला उभा राहिला. पुढचं सगळं सरळच झालं. लग्नानंतर आचारी त्याला चिडवायला ‘जावईबापू’ म्हणायचा आणि वेल्डर ताट पुढे करून म्हणायचा, ‘मग जावयाला वाढतात तसं वाढ की.’ ते दिवस असे होते की त्यांना दिवस म्हणून कुणी मोजलंच नाही. मग कारखान्यात काचेच्या खोलीत एक यंत्राचा हात आला. त्याला शिकवायला त्यांना सगळ्यात स्वच्छ काम करणारा वेल्डर हवा होता. तो पोलादी हात आपल्या हातात धरून वेल्डर टाकीच्या सांध्यावरून फिरवत राहायचा, सावकाश, पोराच्या हाताला धरून अक्षर गिरवून घेतात तसा. आणि यंत्र एकदा पाहिलेलं विसरत नसे. वेल्डरला त्या दिवसांत चांगलाच मान होता. साहेब खांद्यावर हात ठेवून बोलायचे. यंत्र शिकलं तेव्हा वेल्डरांची सगळी रांगच्या रांग घरी गेली, आणि हा सगळ्यात पुढे. ‘त्यांना माझा हात हवा होता,’ तो सांगायचा, ‘तो आत ठेवून घेतला आणि उरलेला मी बाहेर पाठवला.’ माणसं कमी झाली तशी कँटीनची गरज उरली नाही. चुली काढल्या, भिंतीला तीन मशीनं लावली, आणि ती भरायला मशीनवाल्या कंपनीला माणूस लागत होता. आचाऱ्याला गाडी चालवता येत होती. चूल विझली आणि चुलीच्या जागी जे आलं त्याचीच चाकरी त्याला मिळाली. तो नाही म्हणाला नाही. नाही कोण म्हणतं?

त्याने ओळ पुरी केली, दाराला कुलूप लावलं, रिकामी खोकी पायाने दाबून सपाट केली. आपण वेळ काढतोय हे त्याचं त्यालाच दिसत होतं. मग वळणावरच्या टेबलाशी जाऊन त्याने नर्सला बहिणीचं वर्णन सांगितलं. ‘पायाचे पेशंट? आत, खिडकीजवळ,’ ती मान वर न करता म्हणाली.

वेल्डर उशांना टेकून बसला होता. डावा पाय बँडेजमध्ये गुंडाळून जरा उंचावर ठेवलेला. चेहरा उतरला होता, पण अंग तसंच फुगलेलं, पाण्यात पडलेल्या पावासारखं. आचाऱ्याला पाहून बहीण चटकन उठली आणि तिने काय केलं, तर नवऱ्याच्या पायावर चादर ओढली.

‘अरे आचारी!’ वेल्डर म्हणाला. ‘मशीन भरायला आलास का मला बघायला?’

‘काय झालं?’

‘दोन बोटं गेली. करंगळी आणि तिची शेजारीण. चपलेतून खिळा वर आला होता, तो घेऊनच फिरत होतो. कळलंच नाही रे. वेल्डरला खिळा टोचलेला कळत नाही, म्हणजे बघ.’

‘कळत नाही कसं?’ आचाऱ्याने विचारलं, आणि विचारतानाच त्याला उत्तर माहीत होतं.

‘साखर,’ बहीण म्हणाली. ‘वर्ष झालं असेल कळून.’

‘आणि मला सांगितलं नाहीस?’

ती चादरीची कड बोटांत घेऊन गुंडाळत राहिली. ‘तुला वाईट वाटलं असतं, दादा. इतक्या मायेने आणतोस.’

दर शुक्रवारी आचारी तिच्या घरी पिशवी नेत असे. तारीख जवळ आलेली पाकिटं कंपनी परत घेत नसे. ‘विकलेलं चालत नाही, खाल्लेलं चालतं,’ असं वरचा साहेब डोळा मिचकावून म्हणाला होता. केक, भरलेली बिस्किटं, तळलेले काप, गोड दुधाचे डबे. वेल्डरची नोकरी गेली त्या हिवाळ्यात आचाऱ्याने पहिली पिशवी नेली, तेव्हा बहिणीने ती दोन्ही हातांनी घेतली होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याला अजून दिसत होतं. आता त्याला कळत होतं की आपण दर शुक्रवारी त्या चेहऱ्यासाठी जात होतो.

‘वाईट वाटलं असतं हे झालंच,’ वेल्डर म्हणाला, ‘पण खरं सांगू? पिशवीही बंद झाली असती. महिनाअखेरीला तीच असते. सरकारी मदतीच्या कार्डावर काय मिळतं? डबाबंद, पाकीटबंद. भाजीवर काळ्या रेघांचा शिक्का नसतो, म्हणून भाजी कार्डावर चढत नाही. सरकारला दिसत नाही ती. मलाही दिसायची बंद झाली म्हण.’ तो हसला. कुणी हसलं नाही, तसा त्याने घोटभर पाणी प्यायला पेला उचलला.

तेवढ्यात आहारतज्ज्ञ बाई आल्या. तरुण होत्या, चुणचुणीत, छातीशी रंगीत तक्ता धरलेला. त्यांनी खुर्ची ओढली आणि ताटाचे भाग समजावून सांगितले: अर्ध्या ताटात भाजी, पाव ताटात डाळ किंवा तसलं काही, उरलेल्यात भात नाहीतर पाव, तोही बेताने. बोलणं गोड होतं, ओरडणं नव्हतं. आचाऱ्याला वाटलं, या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, ‘सध्या घरी रोजचं जेवण काय असतं?’

बहिणीने खिडकीबाहेर पाहिलं. वेल्डरने पाहिलं आचाऱ्याकडे, अगदी सरळ, आणि म्हणाला, ‘डाळ, भात, भाजी. साधंच. हा माझा मेहुणा. मोठा आचारी आहे. कारखान्याचं कँटीन चालवायचा.’

‘अरे वा!’ बाईंचा चेहरा खुलला. ‘मग निम्मा प्रश्न सुटला. तुम्हाला मी काय सांगणार? तुम्हीच लक्ष द्या यांच्याकडे.’

‘हो,’ आचारी म्हणाला.

एवढंच म्हणाला. त्याच्या शर्टाच्या खिशावर मशीनच्या कंपनीचं नाव होतं, हसऱ्या बिस्किटाच्या चित्रासकट, आणि तो हात छातीवर बांधून उभा राहिला तो ते झाकायला. वेल्डरने थाप मारली ती स्वतःची लाज राखायला, की त्याची? की थाप नव्हतीच, चापट होती? बाई निघून गेल्या तरी तो ‘हो’ त्याच्या तोंडात तसाच राहिला, न गिळता येणारा.

गाडीत बसून त्याने चावी फिरवली नाही. पुढचं मशीन बेकारभत्त्याच्या कचेरीत होतं. तिथली माणसं नंबर लागेपर्यंत बसून असत आणि बसून बसून खात, त्यामुळे ते सगळ्यात लवकर रिकामं होई. वेल्डरही तिथे बसलेला त्याने कितीदा पाहिला होता. पहिलं वर्षभर भत्ता पुरता मिळाला, मग कॉम्प्युटरच्या वर्गाला बसवलं, त्यात जाडजूड बोटांनी वेल्डर दोन कळा एकदम दाबायचा. वर्ग संपल्यावर ‘आता तुम्ही तयार आहात’ म्हणून भत्ता निम्म्यावर आला. तयार कशाला, हे कुणी सांगितलं नाही. बहीण सकाळी एका लॉण्ड्रीत चादरींच्या घड्या घालायला जाऊ लागली. हे सगळं आचाऱ्याला माहीत होतं. पण गाडीत बसून त्याला आठवत होतं ते हे नव्हतं. त्याला आठवत होता पाण्याचा एक जग. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीचा कुठलासा शुक्रवार. तो पिशवी टेबलावर ठेवून उभ्या उभ्याच बोलत होता, आणि वेल्डर बोलता बोलता जग तोंडाला लावत होता. पेला नाही, जग. संपला, भरून आणला, पुन्हा लावला. मध्येच उठून मोरीत जाऊन आला, थोड्या वेळाने पुन्हा गेला. आचाऱ्याचे वडील साखरेनेच गेले होते. तहान लागलेला माणूस कसा पाणी पितो आणि साखरेचा माणूस कसा पितो यातला फरक त्याने सोळाव्या वर्षी घरात पाहिला होता. कँटीनमध्ये बिनसाखरेच्या चहाची वेगळी किटली तोच ठेवायचा, आणि कितीतरी लोकांना त्यानेच सांगितलं होतं, ‘बाबा, एकदा रक्त तपासून घे.’ आपल्या माणसापुढे मात्र जीभ उचलली नाही. त्याने जगाकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि म्हणाला, ‘उकडतंय नाही आज?’

आता त्याला स्वतःला फसवता येत नव्हतं. तो विसरला नव्हता, चुकला नव्हता. बोललं की पिशवी थांबवावी लागणार होती. पिशवी थांबली की तिच्या जागी काहीतरी आणावं लागणार होतं, ज्याला पैसे पडतात, कष्ट पडतात, आणि मुख्य म्हणजे आत येऊन बसावं लागतं. पिशवी असली की उभ्या उभ्याच बोलता येत होतं. नोकरी गेलेल्या दोस्ताच्या समोर नोकरी असलेल्या माणसाने किती वेळ बसायचं आणि कशाबद्दल बोलायचं? पिशवी द्यायची, दोन गोष्टी करायच्या, निघायचं. जिना उतरताना त्याला कायम हलकं वाटायचं. त्या हलकेपणाची आता त्याला शिसारी आली. बापजन्मी कुणाला उपाशी उठू दिलं नाही असं तो लोकांना सांगत आला होता, आणि ते खरंही होतं. त्याने बहिणीच्या घरातही कुणाला उपाशी ठेवलं नव्हतं.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. ‘नोकरी सोडू का?’ त्याने विचारलं.

‘सोड,’ ती म्हणाली. ‘मग चौघं मिळून त्यांच्या रांगेत उभे राहू, गप्पा होतील.’ आणि जरा वेळाने, पाठ न वळवता, ‘त्यापेक्षा हातात जे आहे ते कर की. रडायला काय, मीही रडेन.’

वेल्डर घरी यायच्या आदल्या दिवशी आचारी कित्येक वर्षांनी भाजीबाजारात शिरला. कँटीनसाठी तो पहाटे यायचा तेव्हा पोती नजरेने तोलायचा; आता त्याने पालेभाजीची एक जुडी उचलली आणि तिच्या मुळांची ओली माती बोटाला लागली, ती त्याने पुसली नाही. भोपळा, घेवडा, टोमॅटो, काकड्या, कांदे, डाळ. दोन्ही हात भरले. बहिणीच्या बिल्डिंगचा जिना चढताना पिशव्यांचे बंद तळव्यांत रुतत होते आणि ते रुतणं त्याला आवडत होतं. हे जड आहे, म्हणजे हे खरं आहे, असं काहीसं त्याला वाटत होतं.

बहिणीने दार उघडलं, पिशव्यांकडे पाहिलं. त्याने सगळं टेबलावर मांडलं, भोपळा मधोमध. ती जुडीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘छानच आहे रे. पण शिजवू कशावर, दादा?’

तो स्वयंपाकघरात गेला. या घरात तो इतक्या शुक्रवारी आला होता, पण हा उंबरा ओलांडला नव्हता. ओट्यावर गॅसची शेगडी होती, वर स्वच्छ धुतलेलं फडकं घातलेलं. त्याने खालचं कपाट उघडलं. सिलिंडरची जागा मोकळी होती. पैसे थकले म्हणून कंपनीने सिलिंडर काढून नेला होता, वसंतातच. पाणी गरम करायला विजेची किटली होती, तेवढीच. मागे एकदा त्याने चहा मागितला होता, तेव्हा बहीण म्हणाली होती, ‘आम्ही चहा सोडलाय.’ त्याने कौतुक केलं होतं. आता त्याने वरचं कपाट उघडलं. आत त्याचीच पाकिटं होती. नीट ओळीत लावलेली, चित्राची बाजू पुढे. ज्यांची तारीख आधी संपते ती पुढच्या ओळीत, नंतरची मागे. त्याच्या मशीनमध्ये असतात तशीच, उलट त्याहूनही टापटीप.

‘नेतो मी ही,’ तो म्हणाला.

‘नको,’ बहीण म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ती कपाटासमोर येऊन उभी राहिली. ‘असू देत. तुझी भाजी चार दिवसांत संपेल, दादा. मग?’

तिच्याकडे तो बघत राहिला. लहानपणी ती जेवताना शेवटचा घास बाजूला काढून ठेवायची, ‘नंतरसाठी.’ आई रागवायची. ती सवय वाढून आता कपाटभर झाली होती. ‘मी रोज येईन,’ तो म्हणाला. तिने कपाट लावून घेतलं. रोज येईन असं म्हणणारी माणसं तिने पाहिली होती. भत्त्याच्या कचेरीत, कारखान्याच्या युनियनमध्ये, शेजारात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो विजेची शेगडी घेऊन आला. बायकोची होती. तिने ती स्वतः गाडीत आणून ठेवली होती, वर मसाल्याचा डबा, आणि म्हणाली होती, ‘परत आणू नकोस, मी गॅसवर करते.’ वेल्डर घरी आला होता. खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसून, पाय स्टुलावर. आचाऱ्याने बाही वर केली, कांदा घेतला, आणि हाताला सुरी लागताच हात आपले आपण चालू लागले. हे हात मात्र त्याला आवडत होते. तेलात जिरं तडतडलं, तसा घरात वास उठला. इतक्या दिवसांच्या बंद घरात तो वास एखाद्या पाहुण्यासारखा खोलीखोलीत फिरून आला. बहीण घेवडा मोडत होती. वेल्डर बाहेरच्या खोलीतून ओरडला, ‘डाळीत डाळ घाल रे!’ आणि क्षणभर आचाऱ्याला वाटलं की सुटलो. एवढ्यावर सुटलो. मीठ बेताने, भात मूठभर, भाजी भरपूर. तो ताट घेऊन बाहेर गेला आणि वेल्डरसमोर बसला. पहिल्यांदाच बसला.

वेल्डर जेवत होता. हळूहळू, प्रत्येक घास फिरवून, जणू तोंडात वाट विसरलेलं काहीतरी शोधतोय. अर्धं ताट झाल्यावर तो पाणी प्यायला, पेला खाली ठेवला आणि पेल्याकडेच बघत म्हणाला, ‘तू बघितलं होतंस.’

‘काय?’

‘मी जगच्या जग पाणी पीत होतो तेव्हा. तू बघितलंस. मला दिसलं तुझं बघणं.’

स्वयंपाकघरात उद्याच्या शेंगा मोडण्याचा आवाज थांबला.

‘मला तेव्हा धास्ती होतीच रे,’ वेल्डर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. शिफ्टमध्ये घडलेलं सांगावं तसं तो सांगत होता. ‘रात्री पायात मुंग्या यायच्या. म्हटलं, दाखवावं का डॉक्टरला. मग तू आलास. मला वाटलं, आता हा बोलणार. कँटीनमध्ये सगळ्यांना तूच तर सांगायचास. तू उकाड्याचं काहीतरी बोललास आणि गेलास. मी हिला म्हटलं, आचारी काही बोलला नाही, म्हणजे काही नसणार. त्या दिवशी मस्त झोप लागली मला.’

आचाऱ्याच्या कानात काहीतरी वाजू लागलं, बारीक, मशीनच्या मोटरसारखं. चुकलो म्हणावं, पाय धरावेत, हे सगळं त्याच्या तोंडाशी आलं आणि तिथेच त्याला दिसलं की यातलं काहीही बोललं तर आपल्यालाच बरं वाटणार आहे. समोरच्याची बोटं काही उगवणार नाहीत. त्याने फक्त मान हलवली. ‘बघितलं होतं,’ तो म्हणाला.

‘हं,’ वेल्डर म्हणाला. मग त्याने ताटातला उरलेला भात पुसून खाल्ला आणि ताट पुढे केलं. ‘भात वाढ.’

‘पुरे आता.’

‘वाढ रे. माझं पोट माझ्याजवळ आहे.’

‘भाजी देतो. काकडी दे म्हण, देतो. भात नाही.’

आयुष्यात त्याने पुढे आलेलं ताट कधी परत पाठवलं नव्हतं. हाताला ते जमेना. तरी त्याने डाव खाली ठेवला. वेल्डर ताट पुढे धरूनच राहिला. तो ते मागे घेईना, त्याचे डोळे मात्र बदलत गेले. आधी थट्टा होती, मग अविश्वास, मग जो राग आला तो सगळा एकदम आला; इतक्या दिवसांत तो ना साहेबावर आला होता, ना यंत्रावर, ना कार्डावर. ‘माझ्या घरात,’ तो म्हणाला, ‘मला तू आता मोजून वाढणार? आता?’ ताट जमिनीवर पडलं. पडलं की टाकलं, कळलं नाही. बहीण बाहेर आली, तिने ताट उचललं आणि फडक्याने फरशी पुसली.

आचाऱ्याने भांडी घासली. उरलेला भात डब्यात घालून तो आपल्याबरोबर नेण्यासाठी बाजूला ठेवला. वेल्डरने खिडकीकडे तोंड फिरवलं होतं; ‘येतो’ म्हटलं तर त्याने नुसती बोटं हलवली, हातातली. बहीण दारापर्यंत आली. ‘काही दिवस बोलणार नाहीत ते तुझ्याशी,’ ती हळूच म्हणाली.

‘नको बोलू देत.’

‘उद्या येशील?’

‘येईन.’

तिने दार लावलं. जिन्याचा दिवा गेलेला होता आणि संध्याकाळचा उरलासुरला उजेड वरच्या झरोक्यातून पायऱ्यांवर सांडला होता. दोन पायऱ्या उतरून आचारी थांबला. आत खुर्ची सरकली. एका पायावर भार देऊन कुणीतरी चालल्याचा आवाज, मध्ये मध्ये भिंतीला धरून. मग कपाटाचं दार. आणि मग तो आवाज, जो तो दिवसभर ऐकत असे आणि झोपेतही ओळखला असता: पाकीट फाडण्याआधी बोटं कागदावर फिरतात तेव्हाची कुरकुर. ‘अहो, ठेवा ते,’ बहीण म्हणाली. कुरकुर थांबली नाही. ‘ठेवा ना,’ ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज असा होता की जणू ती हे गेलं वर्षभर रोज म्हणत आली आहे.

खाली गाडी उभी होती. उद्या सकाळी सगळ्यात आधी भत्त्याच्या कचेरीतलं मशीन भरायचं होतं. खाली उतरायला पायऱ्या सोप्या होत्या. आचाऱ्याने भाताचा डबा कठड्यावर ठेवला, गुडघ्यावर हात टेकून दोन पायऱ्या पुन्हा चढला आणि दार वाजवलं. आतली कुरकुर थांबली. कुणी उघडलं नाही. त्याने पुन्हा वाजवलं, या वेळी जरा जोरात.